२० लिटरची ड्राय बॅग: तीन बेटं आणि एक न आलेली बोट

ही ड्राय बॅग, म्हणजे आत पाणी शिरू न देणारी बॅग, मी दोन वर्षांपासून वापरतेय, तीन वेगवेगळ्या बेटांवर नेऊन आणलीय, त्यामुळे आता हिच्याबद्दल लिहायला हरकत नाही असं वाटतंय. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण तोंड गुंडाळून बंद करायची, ताडपत्रीसारख्या कापडाची कुठलीही ड्राय बॅग घेतलीत तरी यातलं बरंचसं तिला लागू होतं. आधीच सांगते, बॅग चांगली आहे, मी परत घेईन. पण ती बंद कशी करायची आणि आत काय ठेवायचं, काय ठेवायचं नाही हे माहीत नसेल तर साध्या सॅकमध्ये आणि हिच्यात काही फरक राहत नाही, हे मी स्वतः भोगून शिकलेय.

बॅग घेण्याआधीच्या ट्रिपची गोष्ट. माझी नेहमीची सॅक, तिच्यावर रेनकव्हर, आणि मी अगदी निर्धास्त. बोट छोटी होती, निघताना पाणी शांत होतं, मध्यावर गेल्यावर बाजूने लाटा आपटायला लागल्या. वरून फारसं पाणी आलंच नाही, ते बोटीच्या तळाशी साचत गेलं आणि माझी सॅक पायाशी त्या पाण्यात पाऊण तास बसून होती. रेनकव्हर वरचं पाणी अडवतं, पण तळ आणि पाठीकडची बाजू उघडीच असते, हे तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं. उतरल्यावर उघडून बघते तर आईच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचा पांढरा लगदा. जागा वाचवायची म्हणून मीच त्या पट्टीतून काढून एका छोट्या डबीत भरल्या होत्या. नाव काय, किती एमजीची, काही सांगता येईना, कारण छापील पट्टी घरच्या कचऱ्यात. बेटावर औषधाचं दुकान नाही. आई म्हणत राहिली, "अगं एक दिवस नाही घेतली तर काय होतंय," आणि मी रात्रभर तिच्याकडे बघत जागी. परत आल्या आल्या ही बॅग मागवली.

कापड म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं जाड पॉलिस्टर, लेबलवर ५०० डी (डेनियर, म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) लिहिलंय. त्याच्या टिकाऊपणाबद्दल माझी काही तक्रार नाही, खडकांवर घासली, जेट्टीच्या काँक्रीटवर ओढली, ओरखडे आले पण भोक नाही. बघायची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे जोड. हिचे जोड शिवलेले नाहीत, उष्णतेने वेल्ड केलेले आहेत. शिवण आली की सुईची भोकं आली, मग वर कितीही टेप लावा, पाणी कधीतरी वाट काढतंच. दुकानात घेत असाल तर बॅग उलटी करून तळाचा गोल जोड बोटाने चाचपून बघा, तिथे कापडाला चुण्या पडल्या असतील तर ती ठेवा आणि दुसरी मागा.

घरी आल्यावर मी एक टेस्ट केली आणि तुम्हीही ती कराच. आत कोरडे टिश्यू पेपर टाकले, तोंड गुंडाळलं, मोठ्या टबात पाण्याखाली पाच मिनिटं दाबून धरली. उघडली तर वरचे टिश्यू ओले! बॅग परत पाठवायचंच ठरवलं होतं, मग सोबतचा कागद नीट वाचला आणि कळलं की मी दोनच घड्या घातल्या होत्या. परत केली, चार घड्या घालून, सगळे टिश्यू कोरडे. म्हणजे सगळा खेळ त्या घडीचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. तोंडाच्या दोन्ही कडक पट्ट्या कडेला कड जुळवून एकमेकींवर आणायच्या आणि दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला ताणायच्या, मधल्या कापडाला एकही सुरकुती राहता कामा नये, कारण पाणी शिरतं ते त्या सुरकुतीच्या नळीतूनच. मग बॅग पोटाशी दाबून जास्तीची हवा काढायची, सगळी नाही, थोडी राहू द्यायची म्हणजे पाण्यात पडली तर तरंगते. मग घट्ट घडी, कमीत कमी तीन, जमलं तर चार, सगळ्या एकाच दिशेने, आणि शेवटी दोन्ही टोकं एकमेकांकडे वळवून बक्कल. पट्टीवर वाळू लागलेली असेल तर आधी ती पुसायची, एवढासा कण घडीत राहिला तरी तिथे फट राहते. आणि बॅग गच्च भरली तर घड्याच बसत नाहीत, तीन चतुर्थांश भरली की थांबायचं. त्यामुळे २० लिटर असं लिहिलेलं असलं तरी वापरायला १५-१६ लिटरच मिळतात, हा हिशोब करूनच साइज घ्या. आमच्याकडे नवरा घाईत दोन घड्या मारून बक्कल लावतो, म्हणून आता बॅग मीच बंद करते.

लेबलवरच्या "वॉटरप्रूफ" शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. माझ्या बॅगेवर आयपीएक्स ६ आहे, म्हणजे जोराचा फवारा सहन करते, लाटांचे शिंतोडे, धो धो पाऊस, बोटीच्या तळातलं थोडं पाणी यांना पुरून उरते. पाण्यात बुडवून ठेवायला ती केलेलीच नाही. बुडवायचा आकडा ७ पासून पुढे, आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आणि ही टेस्ट गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. आणखी एक, नुसता ७ लिहिलाय म्हणजे ६ आपोआप पास असं नसतं, दोन्ही टेस्ट पास असतील तर दोन्ही आकडे दिलेले असतात. हे फोनलाही लागू आहे. आपला फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून माझ्या बहिणीने तो समुद्रात नेऊन फोटो काढले आणि रात्री तसाच चार्जिंगला लावला, चार्जिंगच्या भोकात खारं पाणी होतं, पिना काळ्या पडल्या. खाऱ्या पाण्यात गेला असेल तर आधी कंपनी सांगते तसा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मग चार्जर.

दुसऱ्या ट्रिपला बॅगेने खरंच लाज राखली. सकाळी परतीची बोट होती आणि आदल्या संध्याकाळी वारं सुटलं. बोटवाले काका येऊन सांगून गेले, "उद्या काही बोट सुटत नाही, परवाचं परवा बघू." दीड दिवस जास्त राहावं लागलं. वीज गेली, नेटवर्कही गेलं. पण बॅगेत दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या होत्या, पॉवर बँक होती, रोख पैसे होते, आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहिलेले होते, कारण फोन बंद पडला की आपल्याला घरचा नंबरसुद्धा पाठ नसतो. तेव्हापासून बेटावर जाताना मी परतीचा दिवस पक्का धरतच नाही. औषध असेल तर मुक्कामाचे दिवस अधिक दोन. पुढे विमान असेल तर बोटीच्या आणि विमानाच्या मध्ये एक रात्र मोकळी. ज्यांनी सकाळची बोट आणि दुपारचं विमान असं धरलं होतं ते बिचारे जेट्टीवर बसून रडकुंडीला आले होते.

आत काय भरते ते सांगते. या बॅगेचा मोठा दोष म्हणजे तोंड एकच आणि वरून, लांबट नळीसारखी बॅग, तळातलं काही हवं असलं की सगळं उपसा, आणि ते बोटीत किंवा वाळूत उपसलं की ड्राय बॅग ड्राय राहत नाही. म्हणून मी वेगवेगळ्या रंगांचे चार छोटे पाऊच केलेत. लाल औषधांचा, तो कायम मधोमध टॉवेलच्या घडीत. गोळ्या आता कायम पट्टीसकट, वर प्रिस्क्रिप्शनचा फोटो आणि एक कागदी प्रत. ओआरएसची पाकिटं घेताना किती पाण्यात मिसळायचं ते वाचा, काही १ लिटरची असतात काही २०० मिलीची, आणि एक लिटरवालं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवून दिलं तर लहान मुलाला त्रासच होईल. बोट लागते त्यांची गोळी मात्र या बॅगेत अजिबात नको, ती निघायच्या अर्धा-एक तास आधीच पोटात गेली पाहिजे, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते, तेव्हा घेतल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. बोट लागलीच तर मधल्या भागात बसा आणि क्षितिजाकडे बघा, फोनमध्ये डोकं घालू नका.

सनस्क्रीन सगळ्यात वर, कारण दर दोन तासांनी लागतं. एसपीएफ ३० किंवा जास्त. छत्रीखाली बसलोय म्हणजे ऊन लागत नाही असं नाही, डब्ल्यूएचओचे आकडे बघा, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अल्ट्राव्हायोलेट किरण परत फेकतो, हनुवटीखाली आणि कानांमागे भाजतं ते यामुळेच. ट्यूब घेताना मागची नावंही वाचा. प्रवाळाला धोका म्हणून हवाईने २०१८ मध्ये कायदा केला आणि २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशात २०२० पासून बंदी आहे. मी झिंक ऑक्साइडवालं घेते, अंगावर पांढरं दिसतं पण प्रवाळाच्या बेटावर जाऊन प्रवाळालाच त्रास द्यायचा हे मनाला पटत नाही. खरं तर लांब बाह्यांचा स्विमिंगचा शर्ट घातला की क्रीम निम्मंच लागतं.

पॉवर बँकेचं एक लक्षात ठेवा, विमानात ती हातातल्या सामानातच, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर भरते म्हणजे मर्यादेत आहे. ओले कपडे या बॅगेत कधीच टाकू नका, पाणी बाहेरून आत येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही, एका ओल्या टॉवेलने रात्रीत सगळ्या कपड्यांना कुबट वास लागला होता. त्यांना साधी वेगळी पिशवी ठेवा.

रंगाबाबत माझी चूक झाली. गडद निळी घेतली, दिसायला छान, पण दुपारी वाळूवर तासभर राहिली आणि उघडली तर आतून वाफ आल्यासारखं गरम, लिप बाम वितळून पाणी झालेला आणि कॅप्सूल एकमेकींना चिकटलेल्या. बहुतेक औषधांवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, त्या बॅगेत त्याहून नक्कीच जास्त झालं असणार. फिकट रंगाची घ्या, पिवळी किंवा केशरी असेल तर पाण्यात लांबूनही दिसते. आणि सावलीतच ठेवा. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर त्याला वेगळी थंड पिशवीच लागेल, ही बॅग त्या कामाची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीत एक जण ही बॅग मिठी मारून पाण्यात तरंगताना दाखवलाय. तरंगते हे खरं आहे, घड्या घातलेली २० लिटरची बॅग पूर्ण पाण्याखाली गेली तर १५-१६ किलो पाणी बाजूला सारते, त्यामुळे आत सहा-सात किलो सामान असलं तरी ती वरच राहणार. पण ती लाइफ जॅकेट नाही. हातातून सुटली की संपलं, माणूस दमला किंवा शुद्ध हरपली तर ती त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. लाइफ जॅकेटच्या आतल्या बाजूला न्यूटनचा, म्हणजे तरंगवायच्या ताकदीचा, आकडा असतो तो बघा, ५० म्हणजे फक्त पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथे, १०० शांत, आडोशाच्या पाण्यासाठी, १५० खुल्या समुद्रासाठी. पट्टे बांधा, खांद्याला धरून वर ओढून बघा, कानांपर्यंत सरकत असेल तर साइज मोठी आहे. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून कोणी बसवत असेल तर बोटीत चढूच नका.

बॅगेला पाठीवर अडकवायचे पट्टे आहेत आणि ते जमिनीवर सोयीचे आहेत. बोटीत चढताना मात्र काढा. मी तशीच चढत होते, तर बोटीवरच्या मुलाने हात आडवा धरला, "ताई, आधी पाठीवरची काढा, माझ्याकडे द्या, मग पाय टाका." बोट आणि जेट्टीच्या मध्ये पडलो आणि पाठीवर सात किलो असेल तर काय होईल ते त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

आणि तिसऱ्या ट्रिपचा प्रसंग, जो आठवला की अजून पोटात गोळा येतो. पौर्णिमेच्या आसपासचा दिवस, म्हणजे उधाणाची भरती. बॅग आम्ही पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर ठेवली होती आणि पुढे चालत गेलो. ओहोटीपासून भरतीला सहा तासांच्या आसपास लागतात आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आदल्या दिवशी इथे पाणी आलं नव्हतं म्हणून आज येणार नाही असं आम्ही धरलं. परत आलो तर बॅग पाण्यावर, डुलत डुलत बाहेर चाललेली. नवरा धावत आत शिरला. बॅग ज्या पट्ट्यातून बाहेर जात होती तिथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी दोन्ही बाजूंपेक्षा शांत दिसत होतं, आणि बाहेर ओढणाऱ्या प्रवाहाची तीच खूण असते. तो छातीभर पाण्यात पोचेपर्यंत मी किनाऱ्यावरून जिवाच्या आकांताने ओरडत होते, "सोड ती बॅग, आडवा ये, आडवा!" त्याने ऐकलं. किनाऱ्याकडे सरळ झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला गेला आणि तिथल्या लाटांबरोबर आत आला. दमला असता तर नुसतं पाठीवर तरंगून हात वर करायचा हेही आमचं आधी बोलून झालं होतं म्हणून बरं. बॅग दुपारनंतर एका बोटीने आणून दिली, आत सगळं कोरडं होतं, पण मला त्या दिवशी बॅगेचं कौतुक करायचं सुचलं नाही.

तेव्हापासून बॅग भरताना एकच विचार असतो, की ही आत्ता वाहून गेली तर मला मागे पळायची इच्छा होईल असं काही यात आहे का. असेल तर ते बाहेर. ओळखपत्र, थोडे पैसे, एक दिवसाच्या गोळ्या, शिट्टी, एवढं कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये आणि ते अंगावरून उतरत नाही. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक मागे सरला, तर कोणाच्या सांगण्याची वाट न बघता बॅग तिथेच टाकून उंचावर पळायचं हेही मुलीला शिकवलंय. इंडोनेशियाच्या सिमुलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण लोकांनी "स्मोंग" या एका शब्दात पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि २६ डिसेंबर २००४ ला भूकंप झाल्यावर लोक तो शब्द ओरडत डोंगरावर पळाले. सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर लाटेने ७ जण गेले, भूकंपाच्या केंद्राच्या एवढ्या जवळच्या बेटावर फक्त ७. सामान गोळा करत बसले असते तर हे झालं नसतं.

बाकी तक्रारी थोडक्यात. खांद्याच्या पट्ट्याची शिवण वर्षभरात उसवली, कंपनीला फोटोसकट मेल केले, उत्तर आलं की पट्टा वॉरंटीत येत नाही, हे मला अजिबात आवडलं नाही. धातूच्या कड्यांना दुसऱ्या ट्रिपनंतर गंज आला. बक्कल प्लास्टिकचं आहे आणि तेच सगळं धरून ठेवतं, ते तुटलं तर बॅग बंदच राहणार नाही, म्हणून एक जास्तीचं बक्कल आणि दोरीचा तुकडा सोबत असतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने आतून बाहेरून धुवा, बक्कलच्या खाचांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, उलटी टांगून सावलीत वाळवा, आणि तोंड गुंडाळून ठेवू नका, घडीच्या जागी कापड कायमचं मोडतं.

पाचपैकी चार देते, एक त्या पट्ट्यासाठी आणि वॉरंटीसाठी कापला. एकट्यादुकट्याला एका दिवसाच्या फेरीसाठी १० लिटरची पुरेल, मुक्कामाला २०. चौघं असाल तर ४० ची एक मोठी घेण्याऐवजी २० च्या दोन घ्या आणि औषधं दोन्हींत वाटून ठेवा. आईच्या पट्ट्या आता एक माझ्या बॅगेत असते, एक नवऱ्याच्या, आणि तिसरी ती स्वतःच्या कमरेला बांधते.